ओली जागा, कोरडी जागा: घरातल्या प्रत्येक खोलीची फरशी

दुकानात टाइल स्टँडवर उभी असते, दिव्यांच्या झोतात आणि पूर्ण कोरडी. घरात ती आडवी पडते, रोज ओल्या फडक्याने पुसली जाते आणि तिच्यावरून सगळे अनवाणी फिरतात. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, फरशीवर बसून भाजी निवडली जाते, सणाला पंगत मांडली जाते. त्यामुळे रंग आणि डिझाइन पाहण्याआधी प्रत्येक खोलीसाठी दोन प्रश्न विचारावेत: इथे पाणी किती वेळ राहतं? आणि इथे ओला, अनवाणी पाय पडतो का? ही उत्तरं खोलीगणिक बदलतात, म्हणून सगळ्या घरात एकच चकचकीत टाइल घालण्याचा सल्ला आम्हाला पटत नाही.

सुरुवात सर्वात ओल्या जागेपासून, म्हणजे बाथरूमपासून करावी, कारण तिथली चूक दुरुस्त करायला सगळ्यात महाग पडते. बाथरूममध्ये टाइलच्या रंगाआधी ढाळ येतो. ८० ला १ हा ढाळ घरगुती बाथरूमला चांगला. लांबच्या कोपऱ्यापासून जाळीपर्यंत ६ फूट अंतर असेल, तर कोपरा जाळीपेक्षा साधारण २३ मिलिमीटर, म्हणजे इंचाला थोडं कमी, इतका उंच हवा. जाळी कोपऱ्यात किंवा मध्ये असली की पाणी दोन-तीन दिशांनी उतरवावं लागतं. इथे १ फूट बाय १ फुटाची टाइल सहज वळते. २ बाय ४ फुटाची टाइल घातली, तर मिस्त्रीला ती तिरकी कापावी लागते, नाहीतर कडा वरखाली होतात आणि त्या कडांपाशी पाणी तुंबतं. मोठीच टाइल हवी असेल तर भिंतीलगत लांब चॅनलची जाळी बसवावी. मग ढाळ एकाच दिशेला राहतो आणि मोठी टाइल न कापता बसते.

बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा २० ते २५ मिलिमीटर खाली असावी आणि दारात ग्रॅनाइटची पट्टी घ्यावी. वॉटरप्रूफिंग टाइलखाली असतं, टाइल किंवा ग्राउट (सांध्यांत भरायचा माल) म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी झिरपतंच. ते खालच्या घराच्या छताला लागू नये, हे काम खालच्या थराचं. म्हणून तो थर झाल्यावर पाइपची तोंडं बंद करून पाणी भरून ठेवावं, ४८ तासांनी खालचं छत पाहावं, आणि मगच टाइलला हात घालू द्यावा. कितीही घाई असली तरी ही चाचणी टाळू नये.

घसरण्याबद्दल टाइलच्या माहितीपत्रात ‘आर ९’ ते ‘आर १३’ असा आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. ही चाचणी बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर करतात. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी असे वेगळे वर्ग आहेत, त्यात सी सर्वात सुरक्षित. अंघोळीच्या जागी आर १० किंवा आर ११, अथवा वर्ग बी मागावा. आर ९ तिथे अपुरा. आर ११ हून फार खडबडीत टाइलही नको, कारण तिच्या खाचांत साबणाचा थर बसतो, बोअरिंगचं जड पाणी असेल तर क्षारही साचतात, आणि तीच टाइल पुन्हा निसरडी होते. दुकानदाराकडे हा आकडा नसेल, तर नमुना जमिनीवर ठेवून त्यावर पाणी आणि साबणाचे दोन थेंब टाकावेत आणि अनवाणी टाचेने घासून पाहावं. टाच सरकली की ती टाइल बाथरूमसाठी बाद.

कपडे-भांडी जिथे होतात त्या ड्राय बाल्कनीलाही हेच नियम. तिथे पॉलिश न केलेला कोटा दगड उत्तम चालतो, फक्त ॲसिड त्याच्या जवळ नेऊ नये.

स्वयंपाकघरात पाण्यापेक्षा तेल, हळद आणि हातातून निसटणारा कुकर हे खरे परीक्षक. चकचकीत टाइलवर फोडणीतल्या तेलाचे चार थेंब पुरेसे असतात. मॅट फिनिशची विट्रीफाइड (घट्ट भाजलेली, पाणी जवळजवळ न पिणारी) टाइल घ्यावी, पण तिच्यावरून बोट फिरवलं तर बारीक खरखर लागावी, खोल खाचा नकोत. खाचांत पिठाचा आणि तेलाचा मळ बसतो, तो फडक्याने निघत नाही. जड भांडं पडून टाइलचा टवका उडाला, तर आतला रंग दिसतो. वरच्या चकाकीखाली डिझाइन छापलेल्या टाइलमध्ये (बाजारात जीव्हीटी म्हणतात) आतलं अंग वेगळ्या रंगाचं असल्याने डाग ठळक होतो. फुल बॉडी टाइलमध्ये रंग आरपार एकच असतो, आणि डबल चार्जमध्ये वरचा ३ ते ४ मिलिमीटरचा थर रंगीत असतो. त्यामुळे ओट्यासमोरच्या पट्ट्यात यांपैकी एक घेणं शहाणपणाचं.

स्वयंपाकघरात पांढरं सिमेंट ग्राउट भरू नये. हळद त्यात एकदा शिरली की निघत नाही. राखाडी रंगाचं इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेचं) ग्राउट भरावं. ते महाग आहे आणि भरणारा माणूस जाणकार हवा. दोन भाग मिसळल्यावर ते अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होऊ लागतं, उन्हाळ्यात त्याआधीच. म्हणून थोडं थोडंच कालवायचं आणि टाइलवर आलेली साय ओली असतानाच स्पंजने पुसायची. वाळलेलं इपॉक्सी खरवडताना टाइलच खराब होते.

संगमरवर, कोटा आणि शहाबाद हे तिन्ही चुनखडीच्या कुळातले दगड. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर यांचा थेंब पडून राहिला तर पॉलिश खाल्लं जातं आणि मळका, निस्तेज ठिपका उरतो. तो पुसून जात नाही, त्याला पुन्हा घासून पॉलिशच करावं लागतं. संगमरवर सच्छिद्रही असतो. देवघरात पांढऱ्या मकराणा संगमरवरावर समईचं तेल आणि कुंकू मुरतं, म्हणून तिथे दगडाला सीलर (छिद्रं बुजवणारा द्रव) लावावं किंवा समईखाली ताटली कायम ठेवावी. ग्रॅनाइटला लिंबा-चिंचेचं भय नाही, पण ओला पॉलिश ग्रॅनाइट पायाखाली घ्यायच्या लायकीचा नसतो. जमिनीसाठी त्याचं लेदर फिनिश, म्हणजे न चकाकणारं, किंचित खडबडीत, मागावं.

हे सगळं असूनही कोट्याबद्दल आमचं मत चांगलंच आहे. २० ते २५ मिलिमीटर जाडीचा कोटा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पायाला गार लागतो, झिजला तर पुन्हा पॉलिश होतो आणि एखादी फरशी फुटली तरी बदलता येते. दिवाणखाना, ओसरी, मधला पॅसेज इथे तो अजूनही अनेक टाइलपेक्षा सरस.

दिवाणखान्यात सध्या २ बाय ४ फुटाच्या टाइलची चलती आहे. त्या लांबीत भाजताना किंचित बाक येतो. पेटीतल्या दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरल्या की मधली फट दिसते. म्हणून या टाइल विटांसारख्या अर्ध्यावर सरकवून बसवू नयेत. एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या कडेला येतो आणि बोटाला लागेल अशी पायरी तयार होते. सरकवायचंच असेल तर लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. चकचकीत टाइल इथे चालेल, फक्त मुख्य दाराच्या आत ३-४ फुटांचा पट्टा मॅट घ्यावा. पावसाळ्यात ओली छत्री आणि चपला तिथेच येतात.

झोपण्याच्या खोलीत लाकडी फरशीचा मोह होतो. लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी भुश्याचा असतो. रोज ओल्या फडक्याने पुसलं की सांध्यांच्या कडा फुगतात आणि त्या परत बसत नाहीत. ज्या घरात पुसणं थांबणार नाही, तिथे लॅमिनेट नकोच. कोकणात तर नकोच नको. त्याऐवजी एसपीसी घ्यावं: ४ ते ६ मिलिमीटरच्या पट्ट्या, चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीचा गाभा, पाण्याने न फुगणारा. त्याच्याही अटी आहेत. खालची जमीन २ मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त वरखाली नसावी, नाहीतर चालताना सांधे कुरकुरतात आणि तुटतात. भिंतीलगत ८ मिलिमीटर मोकळी जागा सोडावी. मोठ्या पश्चिमेच्या खिडकीत पडदा हवा, कारण थेट उन्हात पट्ट्या वाढून उचलल्या जातात. आणि भिंतीतलं कपाट आधी बसवून मग फरशी घालावी. वर जड कपाट ठेवलं की फरशी एका जागी जखडते आणि दुसरीकडे फुगते. ज्येष्ठांच्या खोलीत मात्र मॅट टाइल घ्यावी, आणि खोलीच्या दारात उंचवटा ठेवू नये.

कोकणात आणि तळमजल्यावर आणखी एक गोष्ट आधी तपासायला हवी. पावसाळ्यात फरशी ओली होते, पण त्याची कारणं दोन. एक, दमट हवा गार फरशीला लागून वरून पाणी सुटतं. दुसरं, जमिनीतली ओल खालून चढते. २ फूट बाय २ फुटाचा प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवस थांबावं. थेंब कागदाच्या वर असतील तर ते हवेतलं पाणी. हवा खेळती ठेवणं हाच त्यावर उपाय, फरशी बदलून ते थांबणार नाही. थेंब कागदाखाली असतील तर जमिनीची ओल. अशा ठिकाणी लाकडी किंवा व्हिनाइल काहीही घालू नये, आधी खाली ओल अडवणारा थर करून घ्यावा.

जिन्याला एका अखंड तुकड्याची पायरी, पुढची कड गोल आणि कडेलगत तीन खाचा. नूतनीकरणात इथे एक धोका हमखास राहून जातो. मजल्याच्या फरशीवर नवी फरशी चढवली आणि जिना तसाच ठेवला, की पहिल्या आणि शेवटच्या पायरीची उंची बाकीच्यांपेक्षा वेगळी होते. पायाला सवय झालेली उंची बदलली की माणूस अडखळतो. सगळ्या पायऱ्यांची उंची मोजून मगच काम सुरू करावं.

गच्चीला पांढरा चायना मोझेक (टाइलच्या फुटक्या तुकड्यांची फरशी) अजूनही योग्य: ऊन परतवतो, आणि लहान तुकड्यांमुळे ढाळावर नीट बसतो.

आता बसवण्याबद्दल, कारण चांगली टाइलही इथेच वाया जाते. जुन्या सिरॅमिक टाइल खालच्या सिमेंटचं पाणी पिऊन धरून बसत. विट्रीफाइड टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही, तिची शोषणक्षमता अर्ध्या टक्क्याहून कमी असते. त्यामुळे वाळू-सिमेंटचा माल आणि त्यावर सिमेंटची स्लरी (पातळ कालवण) या जुन्या पद्धतीने ती नीट पकडत नाही, आणि काही महिन्यांत ठोकल्यावर पोकळ वाजू लागते. तिला टाइल ॲडहेसिव्ह (टाइल चिकटवायची गोणीतली तयार भुकटी) हवं. आयएस १५४७७ या मानकानुसार घरातल्या विट्रीफाइडसाठी टाइप २, आणि जुन्या टाइलवर नवी घालताना किंवा उघड्या बाल्कनीत टाइप ३. ३ मिलिमीटर जाडीला २० किलोची गोणी साधारण ४५ चौरस फुटांना पुरते. मिस्त्रीने ‘एका गोणीत शंभर फूट केलं’ म्हटलं, तर त्याने पाच गोळे ठेवून टाइल दाबली असं समजावं. गोळ्यांच्या मधल्या जागेत पोकळी राहते आणि तिथेच टाइल तडकते. दातेरी थापीने सगळीकडे रेघा ओढायच्या, मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ थर द्यायचा, आणि अधूनमधून बसवलेली एखादी टाइल उचलून पाठ पूर्ण भरलीय का ते पाहायचं.

‘जॉइंटलेस’, म्हणजे टाइलमध्ये फट न ठेवता, बसवून घेऊ नका. २ ते ३ मिलिमीटरचे स्पेसर (फट सारखी राखणारे छोटे तुकडे) लावावेत आणि चारही भिंतींपाशी ५-६ मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीखाली) झाकली जाते. नवा स्लॅब पहिली काही वर्षं आकसतो, टाइल मात्र उन्हाळ्यात वाढते. जागा नसली की दोन रांगा एकमेकींना ढकलत अचानक मोठ्या आवाजासह छपरासारख्या उठतात. बऱ्याच जणांना तो भूकंप वाटतो, खरं कारण भिंतीलगत भरलेलं सिमेंट असतं.

जुन्या टाइलवर नवी घालायची असेल तर आधी सगळी जमीन ठोकून पाहावी, पोकळ टाइल काढून माल भरावा. उंची १२ ते १५ मिलिमीटरने वाढते, तेव्हा दारं खालून तासावी लागतात. बाल्कनीची फरशी खोलीच्या पातळीपर्यंत आली, तर पावसाचं पाणी थेट आत येतं. अशा वेळी बाल्कनीत जुनी टाइल काढूनच काम करावं.

खरेदीचा हिशेब असा. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट. स्कर्टिंग बहुतेक जण विसरतात: ४४ फूट घेरातून ३ फुटांचं दार वजा करून ४१ फूट, ४ इंच उंचीने जवळपास १४ चौरस फूट. एकूण १३४, त्यावर कापाकापीसाठी ७ टक्के धरून १४३. तिरकी मांडणी असेल तर १० ते १५ टक्के धरावेत. २ बाय ४ च्या दोन टाइलच्या पेटीत १५.५ चौरस फूट येतात, म्हणजे १० पेट्या. सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेड क्रमांक उतरवून घेताना पाहावा. तो वेगळा असेल तर रंगातला फरक दुकानात जाणवत नाही, खिडकीच्या उजेडात जाणवतो. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरू देऊ नये, ते ग्राउट आणि कोटा दोन्ही खातं. उरलेल्या टाइल परत न करता निदान चार तरी उभ्या ठेवाव्यात, आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. दोन वर्षांनी नळदुरुस्तीसाठी फरशी फोडावी लागली, तर तोपर्यंत ते डिझाइन बाजारातून गेलेलं असतं.