एस्ट्रिन–बर्लिनर: एच५ वरचं प्यादं

पाचव्या जागतिक पत्रोत्तरी बुद्धिबळ स्पर्धेतला (१९६५–६८) याकोव एस्ट्रिन (पांढरी) विरुद्ध हान्स बर्लिनर (काळी) हा डाव सध्या लाकडी पटावर, इंजिन (चाली शोधणारा संगणक प्रोग्रॅम) बंद ठेवून चालतोय. मॉस्को आणि अमेरिका यांच्यात पोस्टानं खेळलेला डाव घाईनं बघण्यात काही मजा नाही.

ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची पद्धत, टू नाइट्स डिफेन्स; हा एस्ट्रिनचा हातखंडा. त्याच्याच अंगणात शिरून बर्लिनर दहाव्या चालीला प्यादं ई४ वर (ई४, एच५ ही पटावरच्या घरांची नावं) ढकलतो आणि आपला डी४ वरचा घोडा खुशाल मारू देतो. वर बाराव्या चालीला शह घेऊन राजा डी८ वर, कॅसलिंगचा (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणाऱ्या चालीचा) विषय संपला! या भागावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी तो भराभर पुढे नेला.

खरा डाव मला २८व्या चालीनंतर दिसतो. वजीर गेले, दोघांकडे एकेक हत्ती, काळ्याकडे एक प्यादं जास्त. एफ७ वरचं काळं प्यादं राखत बसणं सगळ्यांनाच सुचलं असतं. बर्लिनर ३१व्या चालीला हत्ती सी८ वर आणतो आणि ते प्यादं सोडून देतो. एस्ट्रिन ते खातो, लगेच हत्ती सी७ वर समोर उभा. हत्ती मारामारी केली तर पांढऱ्या राजाला एच प्याद्यामागे धावावं लागतं, तेवढ्यात काळा राजा डी३ वरचं प्यादं गिळतो. म्हणून पांढरा हत्ती मुकाट्यानं एफ२ वर परत. मग काळा राजा ई५, डी४, डी३, सी२ असा थेट घरात शिरतो.

काल अडकलो ते ४०व्या चालीवर. काळा हत्ती जी४ वर शह देतो, पांढरा राजा एफ३ वर येऊन त्याला भिडतो, पण मारता येत नाही. का, तर २१व्या चालीला उंटाला हुसकायला पुढे केलेलं एच५ चं प्यादं तिथं अजून पहाऱ्यावर आहे! शिवाय तोच हत्ती आडव्या ओळीतून बी४ वर येणाऱ्या काळ्या प्याद्यालाही जोर देतो. दोनच चालींत एस्ट्रिननं डाव सोडला. (हाच एस्ट्रिन पुढे सातवा पत्रोत्तरी जगज्जेता झाला. बर्लिनरनं ही स्पर्धा १६ पैकी १४ गुणांनी मारली.)

आता ३४व्या चालीला एस्ट्रिनच्या ए४ ऐवजी पांढरा राजा जी३ वर नेऊन तपासतोय. काळ्या हत्तीचा जी७ वरून शह, राजा एच४, मग तोच हत्ती एच७ वर येऊन प्यादं राखतो. पण असा कोपऱ्यात बांधलेला काळा हत्ती पांढऱ्याला चालेल. इंजिन अजून लावलेलं नाही. कुणाला या फांदीत काळ्याची सरळ जीत सापडली तर चाली कळवा.