अर्धाच बेंथम

प्राण्यांच्या हक्कांवरून वाद पेटला की कोणीतरी इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमला मधे ओढतंच, "ते विचार करू शकतात का, बोलू शकतात का हा प्रश्नच नाही, त्यांना यातना होतात का हा आहे". वाक्य भारीच आहे, पण ते १७८९ च्या पुस्तकातल्या एका तळटिपेतलं आहे आणि त्याच तळटिपेत, जरा आधी, साहेब म्हणतात की खायला प्राणी मारले तर हरकत नाही, आपला फायदा होतो आणि त्यांचं काही बिघडत नाही, कारण पुढे काय होणार याची त्यांना धास्तीच नसते, शिवाय आपल्या हातचं मरण निसर्गातल्यापेक्षा झटपट! प्राण्यांचा छळ मात्र साहेबांना अजिबात मान्य नव्हता, त्यामुळे मटणवाल्यांनीही लगेच उड्या मारू नयेत. मला तर तो 'काही बिघडत नाही'वाला भाग लंगडाच वाटतो, पण मग तसं सांगून भांडा ना.