शिवणीतली माया

शुक्रवार, २६ सप्टेंबर. ललिता पंचमी

६४.८.

मागच्या शुक्रवारी ६३.४ होतं. सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, अनवाणी, असा माझा वजन करायचा नेम ठरलेला आहे. म्हणून काट्यावर ढकलायची सोय नाही. वहीत आकडा लिहिला आणि पेन हातात धरून बराच वेळ बसून राहिले. वहीच्या पहिल्या पानावर ६५ ला लाल रेघ मारून ठेवली आहे. ती आता दोनशे ग्रॅमवर आली.

सोमवारी घट बसले. उपवास होता आणि आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हातची साबुदाण्याची खिचडी मी दोनदा घेतली. मंगळवारी पतसंस्थेत एकाच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून कंदी पेढे आले. पाऊस तर थांबायला तयार नाही, तीन सकाळी फिरणं बुडालं.

हिशोब मला करता येतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १.४ किलो खरंच चढायचं तर आठवडाभर रोज दुप्पट जेवावं लागलं असतं. तेवढं मी नक्की खाल्लेलं नाही. साबुदाणा, बटाटा, मीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, त्यातलं बरंचसं ते असणार. हे सगळं कळतं. तरी दिवसभर, लेजर तपासताना, व्हाउचरवर सह्या घेताना, तो आकडा डोक्यातून गेला नाही. कारण मागच्या वेळीही सुरुवात अशाच सव्वा-दीड किलोने झाली होती, आणि तेव्हा मी काटा उचलून पलंगाखाली सरकवला होता.

आज काटा जागेवरच आहे. एवढं तरी केलं.

रविवार, २८ सप्टेंबर

पहाटे उघडीप दिसली म्हणून पावणेसहाला निघाले. चार भिंतीपर्यंत रस्ता ओला होता, पुढे साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या वळणांवर धुकं. मंगळाईच्या दर्शनाला निघालेल्या बायका भेटत होत्या, काही अनवाणी. २०१९ मध्ये हाच चढ चढताना मला चार वेळा थांबावं लागायचं आणि गुडघ्यात कळ यायची. आज एकदाच थांबले, तेही सज्जनगडाच्या बाजूचे ढग बघायला.

तेव्हा माझं वजन ७८ होतं. उंची पाच फूट एक इंच. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.३ आली आणि डॉक्टर म्हणाले, आत्ता काही केलं नाहीत तर वर्ष-दोन वर्षांत गोळी सुरू होईल. त्या वर्षी आमच्या शाखेत दोन तट होते. काहीजण डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनच वेळा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे. काहीजणी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकून तूप-भाकरी वेळच्या वेळी खायच्या. मी पहिला मार्ग धरला आणि आठ महिन्यांत १४ किलो उतरले. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे. माहेरी, कराडला, आईने दृष्ट काढली.

तेव्हाच आमच्या शिंपीणबाईंनी जुने ब्लाउज आत घेताना विचारलं होतं, "वहिनी, माया ठेवू ना शिवणीत?" माया म्हणजे पुढे सैल करता यावं म्हणून शिवणीत आत सोडलेलं जास्तीचं कापड. मी म्हटलं, "नको, कापून टाका. परत त्या मापात जायचंच नाही." सैल झालेले ड्रेसही देऊन टाकले. मला खरंच वाटलं होतं की काम संपलं.

मग २०२० च्या पावसाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. सातारा-कराड, कराड-सातारा. दवाखान्याच्या दारातला वडापाव आणि दिवसाला सात-आठ कप गोड चहा. रात्री तिच्या कुशीची बाजू बदलायला दोनदा उठायचं, आणि उठलं की स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या जे असेल ते खायचं. डब्यातली शेव, थंड भात, साखर घातलेली पोळी. भूक नव्हती. पण त्या वेळी त्या घरात फक्त तेवढंच माझ्यासाठी होतं. फेब्रुवारीत आई गेली. तेरावं झालं, घरी आले, पेटीतला एक ब्लाउज घालायला घेतला तर बाह्या दंडात जाईनात. शिवण उसवून बघितली, आत कापडच नव्हतं.

काटा पलंगाखालून काढला तो वर्षअखेरीस. ७७.

त्या वेळी मी स्वतःला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पद्धतीचा दोष नव्हता. उतरवायचं कसं ते मी शिकले होते. उतरवलेलं सांभाळायला वेगळी शिकवणी लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मंगळवार, ३० सप्टेंबर. अष्टमी

आईंचा आज सकाळपासून अबोला. मी यंदाही नऊ दिवसांचा उपवास न करता उठता-बसता केला, हे त्यांच्या मनाला लागतं. त्यांनी पन्नास वर्षं नवरात्र धरलं आहे. मी त्यांना दुखवण्यासाठी सोडलं नाही. नऊ दिवस उपवास म्हणजे आमच्याकडे नऊ दिवस खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले पापड, दाण्याचे लाडू. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते माझ्या वहीत तीन नवरात्रं लागोपाठ लिहिलेलं आहे. आता उपवासाला भगर, काकडीची कोशिंबीर, दही आणि राजगिऱ्याची भाकरी करते. त्यात पोट भरतं. यंदा सोमवारी मात्र खिचडीपुढे माझं काही चाललं नाही. शेंगदाण्याचा खमंग वास आला आणि हात पुढे गेला.

संध्याकाळी आईंजवळ बसले. म्हटलं, "आई, मी देवीचं काही कमी करत नाहीये. मला भीती वाटते." त्या म्हणाल्या, "भीती कसली? अंगाने भरलेली होतीस तेव्हा किती छान दिसायचीस!" त्यांच्या मनात वाईट काही नसतं. त्यांच्या लहानपणी घरात दुष्काळ पाहिलेला, ७२ साली सून म्हणून आल्यावरही मिलोच्या, म्हणजे दुष्काळात मिळणाऱ्या लाल ज्वारीच्या, भाकरी थापलेल्या. भरलेलं अंग म्हणजे त्यांच्या दृष्टीने सुखी माणूस.

मी त्यांना माझ्या भावाचं उदाहरण दिलं. हातपाय काटक्या, वजन कधी ६५ च्या वर गेलं नाही, आणि बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह. फक्त पोट सुटलेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. सारख्याच वजनाला आपल्याकडे चरबी जास्त, म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जास्त वजन धरतात आणि कमरेचा घेर बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या आत हवा म्हणतात. माझा १०१ होता, आता ८६ आहे. आईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे भावाला काट्यावर काही दिसलंच नाही?" नाहीच दिसलं.

तेलाच्या डब्यावर मी तारीख लिहिते, हे त्यांना आधी कंजूषपणा वाटायचा. चार माणसांत पाच लिटरचा डबा महिन्यात संपायचा. माणशी, रोज, साधारण चाळीस ग्रॅम तेल, म्हणजे नुसत्या तेलाच्या साडेतीनशे कॅलरी. कुणी काही तळलेलं खाताना दिसायचं नाही, सगळं फोडणीत आणि पोळीच्या पदरात. आता तोच डबा सात-साडेसात आठवडे पुरतो. चवीत कुणाला फरक सांगता आला नाही. मी केलेल्या सगळ्या बदलांत हा सर्वांत सोपा होता आणि सर्वांत जास्त उपयोगी पडला. कारण यात रोज मनाला आवरावं लागत नाही. डब्यावरची तारीख आवरते.

बाकी गोष्टी रोज आवराव्याच लागतात. पोहे एकटे खाल्ले तर अकराला भुकेने डोकं दुखतं, म्हणून सोबत मटकीची उसळ किंवा उकडलेलं अंडं. चहा पाच कपांचा दोनवर आणला, दोन चमचे साखर अर्ध्यावर. हे लिहायला एक ओळ लागली, पण करायला आठ महिने गेले. शाखेत वाढदिवसाचा समोसा फिरतो तेव्हा "डाएट आहे" असं म्हणणं मी सोडून दिलं. त्या शब्दावर चार माणसं चर्चेला बसतात. "पोट भरलंय, घरी नेते" म्हटलं की कुणी आग्रह करत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

६४.१.

काल दसरा, श्रीखंड-पुरी खाल्ली. वाटीभर श्रीखंड, चार पुऱ्या, मनापासून, ताटात घेऊन, बसून. उभ्याने खायचं नाही हा माझा स्वतःसाठीचा एकमेव कडक नियम आहे. तो कुठून आला ते परवा लिहिलंच.

रात्री नणंदेचा पुण्याहून फोन. ती आठवड्याचं इंजेक्शन घेते आहे, नऊ किलो उतरलं. आवाजात आनंद होता आणि त्याखाली घोर. "वहिनी, हे बंद केल्यावर काय गं?" सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनवरच्या एका मोठ्या अभ्यासात, औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला होता. मी तिला ते सांगितलं, पण घाबरवायला नव्हे. म्हटलं, डॉक्टरांना हा प्रश्न आत्ताच विचार, बंद करायच्या दिवशी नको.

२०२२ च्या सुरुवातीला मी पुन्हा सुरुवात केली तेव्हा वाचलेल्या दोन गोष्टींनी मला हात दिला. एक ऑस्ट्रेलियातला अभ्यास, २०११ चा. वजन उतरवल्यावर वर्ष उलटलं तरी त्या माणसांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती. शरीर अजून जास्तच मागत होतं. दुसरा अमेरिकेतला. टीव्हीवरच्या वजन उतरवायच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. हे वाचून कुणी खचेल. मी त्या रात्री रडले, पण सुटल्यासारखं वाटून. वर्षभर मी जिला माझ्या स्वभावाची खोट समजत होते ती भूक खरी होती. आणि भूक खरी असेल तर तिची सोय करावी लागते, तिच्याशी भांडून चालत नाही.

म्हणून या वेळी घाई केली नाही. ७७ वरून ६३ ला यायला मे २०२३ उजाडलं. डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे मी साठाच्या आत असायला हवी. दोनदा ६१ पर्यंत गेले, दोन्ही वेळा झोप उडाली आणि सगळ्यांवर चिडचिड व्हायला लागली. मग मीच ठरवलं, ६३ ते ६५ हे माझं घर. साखर ५.६ आहे, गुडघा बोलत नाही. डॉक्टर आधी गप्प बसले, मग म्हणाले, "राहील तेवढंच खरं." गेली दोन वर्षं चार महिने राहिलं आहे.

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली आहे. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्या माणसांची. त्यातले बहुतेक रोज तासभर हालचाल करतात, आणि चारांतले तीन आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात. माझं नाव त्यात नाही. पण माझी शाळेची दोनशे पानी वही उघडली की मला त्या हजारो अनोळखी लोकांची सोबत वाटते. उतरवताना सगळे विचारतात. टिकवताना कुणी विचारत नाही. दोन वर्षांत एकाही माणसाने मला थांबवून "तेवढीच आहेस की!" असं म्हटलेलं नाही, आणि ते ऐकायला मला फार आवडलं असतं.

सोमवार, ६ ऑक्टोबर. कोजागरी

संध्याकाळी मोती चौकातून येताना शिंपीणबाईंकडे गेले. दिवाळीच्या साडीवरचा ब्लाउज. त्यांनी टेप लावला, वहीतलं गेल्या वर्षीचं माप काढलं आणि म्हणाल्या, "वहिनी, माप तेच आहे तुमचं."

मला काही बोलताच आलं नाही. त्यांना वाटलं काही चुकलं. मी मान हलवली, म्हटलं, "परत एकदा म्हणा."

त्या हसल्या. खडूने खुणा करता करता विचारलं, "माया किती ठेवू?"

"दोन्ही बाजूंना एक-एक इंच," मी म्हटलं.

रात्री गच्चीवर दूध आटवलं. ढग होते, चंद्र मधूनच दिसत होता. आईंनी सगळ्यांना पेले भरले आणि मला न विचारता लहान वाटी दिली. केशर वरून जास्त घातलं होतं.

सकाळी पावणेसहाला निघायचं आहे. बूट अजून ओले आहेत, पंख्याखाली ठेवलेत.