पबच्या दारात राडा झाला, आता लायसन्सचं काय?

शनिवारी रात्री साडेअकराला पबच्या दारात राडा होतो, ग्लास फुटतात, कुणाच्या तरी डोक्याला टाके पडतात. सोमवारी आजूबाजूचे लोक एकच मागणी घेऊन कौन्सिलकडे जातात: लायसन्स रद्द करा. राग रास्तच असतो. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये लायसन्सचा रिव्ह्यू, म्हणजे फेरतपासणी, २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टखाली होतो आणि तिथे कौन्सिलच्या लायसन्सिंग समितीसमोर दोनच प्रश्न असतात. ही मारामारी पब ज्या पद्धतीने चालवला जातो त्यातून आली का? आणि नेमकं काय बदललं तर ती थांबेल? या दोन्हींची उत्तरं कागदावर नसतील तर खरी तक्रारसुद्धा पातळ पडते. (स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, खालचं तिथे लागू होत नाही.)

अर्ज लिहायच्या आधी लायसन्स वाचा. हे सांगायला लागू नये, पण बहुतेक जण ते न वाचताच अर्ज करतात. लायसन्सचा सारांश पबमध्ये दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे, आणि पूर्ण माहिती कौन्सिलच्या सार्वजनिक रजिस्टरमध्ये मिळते. लायसन्सला चार परिशिष्टं असतात. पहिल्यात देशभर सगळ्यांना सारख्या असलेल्या सक्तीच्या अटी, दुसऱ्यात पबने अर्ज करताना स्वतःहून मान्य केलेल्या, तिसऱ्यात सुनावणीनंतर घातलेल्या, आणि चौथ्यात जागेचा नकाशा. खरा माल दुसऱ्या आणि तिसऱ्यात असतो. समजा तिथे लिहिलंय, ‘शुक्रवारी व शनिवारी रात्री ९ पासून बंद होईपर्यंत दारावर दोन डोअर सुपरवायझर’, आणि त्या रात्री दारावर कुणीच नव्हतं. मग तुमचं निम्मं काम झालं. लायसन्सची अट मोडून दारू विकणं हा कलम १३६ खाली गुन्हा आहे, त्याला अमर्याद दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उलट अशी अटच नसेल तर मुद्दा पूर्ण बदलतो: अटी मोडल्या असं म्हणता येत नाही, त्या अपुऱ्या आहेत असं म्हणावं लागतं. या दोन गोष्टींची एकाच अर्जात सरमिसळ झाली की पबचा वकील त्याच फटीतून निसटतो.

त्याच कागदावर दोन नावं बघून ठेवा. एक लायसन्सधारकाचं, दुसरं डीपीएसचं, म्हणजे रोजचा कारभार ज्याच्या नावावर आहे त्या सुपरवायझरचं. बऱ्याच ठिकाणी लायसन्स मोठ्या पब कंपनीच्या नावावर असतं आणि पब चालवणारा भाडेकरू असतो. अशा वेळी काउंटरमागच्या माणसाशी वाद घालून फार काही साधत नाही. लायसन्स गेलं तर इमारतीची किंमत कंपनीच्या हिशेबात घसरते, म्हणून कंपनीला लेखी पत्र गेलं की हालचाल लवकर होते.

आता मार्ग. साधा रिव्ह्यू कलम ५१ खाली होतो. तो पोलीस, एन्व्हायर्नमेंटल हेल्थ (कौन्सिलचं आरोग्य आणि उपद्रव बघणारं खातं) यांसारखी जबाबदार खाती मागू शकतात, तसाच कोणीही माणूस मागू शकतो. २०१२ पर्यंत त्यासाठी पबच्या जवळपास राहणं किंवा व्यवसाय असणं लागायचं, आता ती अट नाही. फी नाही. अर्ज मात्र कायद्याच्या चार उद्दिष्टांपैकी एकाला तरी धरून असावा लागतो: गुन्हे व बेशिस्त रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं, मुलांचं संरक्षण. मारामारीसाठी पहिलं आणि दुसरं धरा. पार्किंग, घरांच्या किमती, ‘असले लोक नकोत’ हे या चौकटीत बसत नाही आणि अर्जात आलं तर उरलेला अर्जही हलका होतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रती. कौन्सिलला अर्ज द्याल त्याच दिवशी लायसन्सधारकाला आणि सगळ्या जबाबदार खात्यांना प्रत जायला हवी. यादी आणि पत्ते कौन्सिल देतं. एक प्रत राहिली तर मुदत कधी सुरू झाली यावरच वाद होतो. त्यानंतर कौन्सिल पबवर फिकट निळ्या कागदाची नोटीस लावतं आणि अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून २८ दिवस कोणालाही पाठिंबा किंवा विरोध लिहून देता येतो. ते संपल्यावर कामकाजाच्या २० दिवसांत सुनावणी सुरू व्हावी लागते. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी दोन महिने धरा.

गंभीर हिंसा झाली असेल तर दोन महिने थांबणं परवडत नाही. त्यासाठी कलम ५३ए चा तातडीचा रिव्ह्यू आहे. तो फक्त पोलीस मागू शकतात. सुपरिंटेंडंट किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने असं प्रमाणपत्र द्यावं लागतं की ही जागा गंभीर गुन्ह्याशी किंवा गंभीर बेशिस्तीशी जोडलेली आहे. गंभीर गुन्हा कशाला म्हणायचं हे दुसऱ्या एका कायद्यातून घेतलंय, गंभीर बेशिस्तीची मात्र व्याख्याच नाही. १९८६ च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टमध्ये तीन किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हिंसेला किंवा तिच्या धमकीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तशा कलमाखाली अटक झाली असेल तर प्रमाणपत्र देणं सोपं जातं. दोघांच्या ढकलाढकलीवर ते टिकणार नाही.

प्रमाणपत्रासह अर्ज आला की कौन्सिलला ४८ तासांत अंतरिम पावलांचा विचार करावा लागतो. या ४८ तासांत सुट्टीचे दिवस मोजत नाहीत, त्यामुळे शुक्रवारी दुपारी आलेला अर्ज पुढच्या आठवड्यातही जाऊ शकतो. अंतरिम पावलं चार आहेत: अटी बदलणं, दारूविक्री थांबवणं, डीपीएस हटवणं, लायसन्स निलंबित करणं. हे पबचं म्हणणं न ऐकताही करता येतं. पबने आक्षेप घेतला की त्यावर पुन्हा ४८ तासांत सुनावणी होते. पूर्ण रिव्ह्यूची सुनावणी २८ दिवसांत, आणि लोकांना लिहायला कामकाजाचे फक्त १० दिवस. रहिवाशांचा मुख्य तोटा इथेच होतो. निळी नोटीस दिसेपर्यंत तीन-चार दिवस जातात, मग सह्या गोळा करण्यात आठवडा जातो आणि मुदत संपते.

सह्यांच्या अर्जाबद्दल स्पष्टच सांगतो. दोनशे सह्यांपेक्षा स्वतः पाहिलेलं लिहिणारी सहा पत्रं जास्त कामाची. आणि पत्र असं हवं: ‘शनिवार, रात्री ११.४०. समोरच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं. पबच्या पुढच्या दारातून आठ-दहा जण भांडत बाहेर आले. दोघांच्या हातात काचेचे पाइंट ग्लास होते. दारावर सुरक्षारक्षक दिसला नाही. ११.५२ ला ९९९ ला फोन केला, घटनाक्रमांक अमुक. पोलीस १२.०५ ला आले. आतलं संगीत तोपर्यंत चालूच होतं.’ यात पब बदनाम आहे असं एकही वाक्य नाही, पण समितीला हवं ते सगळं आहे: माणसं कुठून आली, काच बाहेर कशी आली, दारावर कोण होतं, व्यवस्थापनाने काय केलं. ‘इथे नेहमी मारामाऱ्या होतात’ या वाक्यातून यातलं काहीच हाती लागत नाही.

सीसीटीव्हीबाबत घाई करा. फुटेज ३१ दिवस ठेवायचं अशी अट बहुतेक लायसन्सांवर असते. त्यानंतर ते पुसलं जाणं अगदी नियमाला धरून होतं. रहिवाशाला फुटेज सहसा मागून मिळत नाही, पण कौन्सिलच्या लायसन्सिंग अधिकाऱ्याला आणि पोलिसांच्या लायसन्सिंग अधिकाऱ्याला त्याच आठवड्यात ईमेल करून ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज राखून ठेवायला सांगा’ एवढं लिहिता येतं.

एक गोष्ट पबच्या बाजूनेही बोलायला हवी. पोलिसांना किती वेळा फोन गेले हा आकडा एकटा काही सिद्ध करत नाही. लगेच फोन करणारा, रजिस्टरमध्ये नोंद ठेवणारा, फुटेज काढून देणारा पब जबाबदार असतो. तेच फोन त्याच्या विरोधात वापरले की पुढच्या वेळी तो फोनच करणार नाही, आणि मग धोका सगळ्यांनाच. म्हणून आकड्याच्या शेजारी हेही मांडा की फोन कुणी केला, पबने की समोरच्या घराने.

नावाचा प्रश्न नाजूक आहे. तुमचं पत्र नाव-पत्त्यासह लायसन्सधारकाकडे जातं. हल्ल्याची किंवा धमकीची खरी भीती असेल तर कौन्सिल अपवाद म्हणून तपशील झाकू शकतं, पण कारण पटावं लागतं. त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे माहिती पोलिसांना किंवा एन्व्हायर्नमेंटल हेल्थला देणं आणि त्यांनी त्यांच्या नावाने मांडणं. कौन्सिलरलाही स्वतःच्या नावाने लिहिता येतं.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो अटींच्या मसुद्याला. समितीत तीन कौन्सिलर असतात. त्यांच्यासमोर लागू करता येईल असं वाक्य तयार असेल तर ते उचलतात. ‘पुरेशी सुरक्षा ठेवावी’ ही अट निरुपयोगी आहे, कारण पुरेशी म्हणजे किती हे तपासणारा ठरवू शकत नाही. ‘शुक्रवार, शनिवार आणि बँक हॉलिडेच्या आदल्या दिवशी रात्री ८ पासून शेवटचा ग्राहक पांगेपर्यंत एसआयए परवाना असलेले किमान दोन डोअर सुपरवायझर, प्रत्येकाचं नाव, १६ अंकी बॅज क्रमांक, येण्या-जाण्याची वेळ रजिस्टरमध्ये, रजिस्टर १२ महिने जपायचं आणि मागितल्यावर दाखवायचं’ ही अट पाच मिनिटांत तपासता येते (एसआयए म्हणजे सुरक्षारक्षकांना परवाना देणारी संस्था). ‘बंद होईपर्यंत’ ऐवजी ‘पांगेपर्यंत’ मुद्दाम लिहिलंय. मारामारी बऱ्याचदा दार बंद झाल्यावर फुटपाथवर होते आणि त्या क्षणी रक्षकांची ड्युटी संपलेली असते.

काचेचंही तसंच. टफन्ड म्हणजे कडक केलेल्या काचेचा ग्लास फुटल्यावर बारीक तुकडे होतात, पण तो फुटतोच. ज्या पबमध्ये ग्लास मारण्याचा प्रकार झालाय तिथे पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे ग्लास मागा, ठरावीक वेळेनंतर किंवा टीव्हीवर मॅच असेल त्या दिवशी, आणि बाटलीतलं पेयही त्यातच ओतून द्यायचं. त्याला जोडून शेवटच्या प्रवेशाची वेळ, बंद होण्याआधी अर्धा तास संगीत उतरवणं आणि दिवे वाढवणं, सगळे एकदम बाहेर पडणार नाहीत अशी पांगण्याची लेखी योजना. सीसीटीव्हीसाठी फक्त ‘चालू असावा’ पुरत नाही. उघड्या वेळेत तो चालवता येणारा एक माणूस हजर असावा, दारातून येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ओळखू यावा, आणि पोलिसांना ठरावीक मुदतीत प्रत मिळावी, हे तिन्ही लिहा. फुटेज आहे पण काढता येणारा मॅनेजर सुट्टीवर, हा बहाणा फार चालतो.

सुनावणीत सगळ्या पक्षांना सारखा वेळ मिळतो, आणि तो कमी असतो. नवीन कागद त्या दिवशी पुढे केलात तर बाकी सगळ्यांची संमती लागते, म्हणून फोटो, नोंदी आधीच द्या. पुराव्याचं माप फौजदारी कोर्टाइतकं कडक नसतं, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं तेवढं बघतात. कुणावर खटला चालून शिक्षा झालेली असावी लागत नाही, हे हाय कोर्टाने २०१६ मध्ये ईस्ट लिंडसी कौन्सिलच्या प्रकरणात स्पष्ट केलं.

पबकडून त्या दिवशी दोन चाली ठरलेल्या असतात. एक, डीपीएस बदलला. दुसरी, लायसन्स दुसऱ्याच्या नावावर केलं. दोन्ही कायदेशीर आहेत, पण नवा माणूस कुणाचा, भाडेकरार कुणाच्या नावावर, गल्ला कुणाकडे जातो, हे प्रश्न विचारायलाच हवेत. होम ऑफिसची (ब्रिटनच्या गृहखात्याची) मार्गदर्शिकाही सांगते की ढिसाळ कारभार हा वरच्या धोरणाचा परिणाम असेल तर नुसता डीपीएस हटवून भागत नाही.

समितीकडे पर्याय पाच: अटी बदलणं, लायसन्समधला एखादा व्यवहार (जसं दारूविक्री) वगळणं, डीपीएस हटवणं, तीन महिन्यांपर्यंत निलंबन, किंवा रद्द. निलंबन तेव्हाच अर्थपूर्ण ठरतं जेव्हा त्या काळात काही करायचं असतं, कॅमेरे बसवणं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, नवी सुरक्षा एजन्सी. नाहीतर पब तीन महिन्यांनी जसाच्या तसा उघडतो.

आणि निकालानंतरचा भाग लोकांना धक्का देतो. साध्या रिव्ह्यूचा निकाल लगेच लागू होत नाही. २१ दिवसांची अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत, रद्द झालेलं लायसन्सही चालूच राहतं. काही महिने सहज जातात. तातडीच्या रिव्ह्यूत तसं नाही. तिथे अंतिम सुनावणीतच समिती अंतरिम पावलं पुढे ठेवायची का हे ठरवते, आणि ती अपील काळात लागू राहू शकतात. त्यामुळे गंभीर हिंसेच्या प्रकरणात रहिवाशांनी स्वतः अर्ज करण्याआधी पोलिसांच्या लायसन्सिंग अधिकाऱ्याला विचारावं की ५३ए होणार आहे का. होणार असेल तर आपली पत्रं त्यालाच जोडावीत.

अपिलात बऱ्याचदा तडजोड होते. लंडनच्या फॅब्रिक क्लबचं लायसन्स सप्टेंबर २०१६ मध्ये रद्द झालं (तिथे कारण अमली पदार्थांचे मृत्यू होतं) आणि नोव्हेंबरमध्ये इझ्लिंग्टन कौन्सिलशी नव्या कडक अटींवर समझोता होऊन ते परत मिळालं. समझोत्याची बोलणी क्लब आणि कौन्सिल यांच्यात होतात, रहिवासी त्या टेबलावर नसतात. म्हणून अपील दाखल झाल्याचं कळताच कौन्सिलच्या वकिलाला लिहून ठेवा की कोणत्या अटींवर तुमची तडजोड चालेल आणि कोणत्या अजिबात सोडू नयेत. दारावरच्या रक्षकांच्या अटीतला ‘पांगेपर्यंत’ हा शब्द बहुधा तिथेच गळतो.