तुम्ही विचारलंत म्हणून: आपली साईट गुगलवर का दिसंना

लग्न असो की तेरावं, भावकी जमली की एकजण तरी विचारतोच, "आक्का, आपली साईट बंद पडली का? गुगलवर दिसंना गेली." बंद नाही पडली बाबांनो, मीच दडवलीय. दरवेळी पंगतीत अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा बैजवार लिहून टाकते.

साईट म्हणजे काय, तर माहेरचे कागद. गंगाखेडकडच्या घरात माळवदाखाली आजोबांची पेटी होती, त्यात काही मोडी, बरेच निजामाच्या काळचे उर्दू कागद, त्यातच आत्याच्या लग्नाची यादी अन् फोटो. वाळवी लागायच्या आत स्कॅन केले, खाली हौसेनं गावाचं नाव नि साल टाइप केलं, लिंक फक्त घरच्यांना दिली, आणि झालं आपलं काम असं समजून बसले.

मग २०२३ ला मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली आणि मला अनोळखी नंबरवरनं फोन यायला लागले, "ताई, तुमच्याकडं आमच्या गावचे कागद हैत म्हणं, आमचं बी नाव बघा की." त्यांचा राग नाही, गरजू माणसं, तीन-चार जणांना तर मीच कागद काढून पाठवले. पण त्याच गठ्ठ्यात आमच्या वाटण्या, देणीघेणी सगळं होतं, आणि एका फोनवाल्याला ते माझ्यापेक्षा जास्त पाठ! घरच्याच कुणीतरी लिंक एका उघड्या पानावर टाकली होती, तिथनं गुगलचा बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, आत शिरला होता.

घाबरून आधी रोबोट्स डॉट टीएक्सटी लिहिली. १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर नावाच्या माणसानं सुचवलेली पद्धत, साईटवर एक साधी फाईल ठेवायची नि बॉटला सांगायचं, अमक्या फोल्डरात जाऊ नको. २०२२ ला तिचं रीतसर स्टँडर्ड झालं, आणि त्यातच लिहिलंय की ही काही प्रवेश रोखायची सोय नाही. शहाणे बॉट ऐकतात, आगाऊ ऐकत नाहीत. शिवाय ती फाईल कुणालाही उघडून वाचता येते, आणि मी त्यात जमिनीच्या फोल्डरचं नाव लिहून बसलेले. म्हणजे चावडीवर उभं राहून ओरडले की मागच्या खोलीत पेटी हाय, तिकडं कुणी बघू नका.

खरा घोळ पुढं. कुणी म्हणालं पानात नोइंडेक्स टॅग, म्हणजे बॉटसाठीची एक छुपी सूचना, टाका, मग गुगल यादीत घेत नाही. टाकला. दोन महिने झाले तरी पत्ता गुगलवर तसाच, खाली मजकूर नाही पण पत्ता आहेच! लई डोकं खाजवलं तेव्हा कळलं, टॅग पानाच्या आत, आणि बॉटला तर मीच दारातनं हाकललेला, मग त्यानं तो वाचायचा कसा? बाहेरच्या लिंकवरनं पत्ता माहीत असला की आत न येताही तो दाखवू शकतो. म्हणजे दडवायचं तर आधी त्याला आत येऊन वाचू द्यायचं. स्कॅनच्या पीडीएफमध्ये टॅग बसत नाही, त्याला सर्व्हरकडनं हेडर, म्हणजे फाईलसोबत जाणारी चिठ्ठी, पाठवावं लागतं, एक्स-रोबोट्स-टॅग म्हणतात. गुगलकडं काढून टाका असा अर्जही करता येतो, पण तो साधारण सहा महिन्यांपुरताच, तेवढ्यात आपण खरा बंदोबस्त करायचा.

बंदोबस्त म्हणजे पासवर्ड, बाकी सगळी विनवणी. आमच्या सर्व्हरवर डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाईलनं होतं, पासवर्डची फाईल मात्र साईटच्या फोल्डरबाहेर ठेवायची, आणि एचटीटीपीएस, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी सांकेतिक जोडणी, हवंच, नाहीतर पासवर्ड वाटेत जवळपास उघडाच जातो. त्यातही गंमत बघा. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट घेतलं की साईटचं नाव सार्वजनिक नोंदीत चढतं. मी 'गुप्त'सारखं सबडोमेन, म्हणजे साईटच्या पत्त्याआधी जोडलेलं नाव, केलं आणि थोड्याच वेळात लॉगमध्ये, म्हणजे कोण आलं-गेलं त्या सर्व्हरच्या नोंदीत, कुठकुठले बॉट वर्डप्रेस या साईट बनवायच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन पान हुडकायले, आमच्याकडं वर्डप्रेस नाहीच! येऊ देत म्हटलं, कुलूप आहे. पण नाव तरी साधं ठेवायचं होतं.

आधी सगळ्यांना एकच पासवर्ड होता, तो आठ दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला, ग्रुपमधी कुणाचा तरी साडू. आता प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, एकानं वाटला तर त्याचाच बंद, बाकीच्यांना त्रास नाही. रुसतात, रुसू देत.

आत्याला मात्र लक्षात राहावा म्हणून तिचा पासवर्ड माहेरच्या म्हशीच्या नावावरनं केलाय, पुढं आकडे जोडून. परवा तिचा फोन, "अगं, उघडंना गेलंय, दुसऱ्या म्हशीचं नाव काय होतं गं?"

म्हटलं, "आत्या, धार तूच काढायचीस की तिची."