कूलरसमोरचा टर्मिनेटर

नागपूरची मे महिन्यातली दुपार, खसच्या ताट्यांचा कूलर घरघरतोय अन् मी 'टर्मिनेटर: रेझिस्टन्स' खेळतोय. २०१९ मध्ये हा गेम आला तेव्हा समीक्षकांनी धुतला होता: ग्राफिक्स जुनाट, शत्रू बावळट. खोटं नाही, काही यंत्रं आमच्या गल्लीतल्या गाईसारखी मख्ख उभी राहतात. त्यात बनवणारी कंपनी टेयॉन, म्हणजे २०१४ चा फसलेला 'रॅम्बो' गेम यांचाच! स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर मात्र खेळाडूंनी डोक्यावर घेतला. मला कारण कळतं. सुरुवातीला साध्या गोळ्यांनी टी-८०० ला, म्हणजे माणसाच्या सांगाड्यासारख्या मारेकरी यंत्राला, ओरखडाही जात नाही. दिसला की श्वास रोखून लपायचं. गुण देणाऱ्यांनी ही भीती फारशी मोजली नसावी. मावसभाऊ म्हणतो, "काय बावा, 'रोबोकॉप' खेळ ना!" तोही यांचाच, २०२३ चा. खेळीन, आधी हा संपू दे.