१८ वॅट

रविवार, रात्रीचे साडेअकरा. नौपाडा, ठाणे.

आज ठरलं एकदाचं. जुन्या ब्रिटिश ट्यूब अ‍ॅम्पचा, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा, क्लोन (त्याच सर्किटवर नव्याने बनवलेली नक्कल) घ्यायचा हे तीन महिने डोक्यात होतं, पण कुठला? मार्शलचा जेटीएम४५, व्हॉक्सचा एसी३०, की मार्शलचाच तो छोटा १८ वॅटवाला? साठच्या दशकातला अस्सल घ्यायची ऐपत नाही. असती तरी इतके जुने ट्रान्सफॉर्मर जपत बसण्यापेक्षा मला वाजवायचंय.

क्लोन म्हटलं की काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. लंडनमधल्या हॅनवेलच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली जेटीएम४५ जन्मला, तोच मुळी फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बासमन अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून. जे भाग इंग्लंडात हाताशी होते ते घातले. पहिल्या जागी जास्त गेनची, म्हणजे सिग्नल जास्त वाढवणारी, ईसीसी८३ ट्यूब आली, उघड्या पाठीतल्या चार १० इंची स्पीकरांऐवजी बंद कॅबिनेटमधले सेलेशन कंपनीचे १२ इंची स्पीकर आले आणि आवाज पार बदलला. म्हणून मी क्लोन बघताना सर्किटवर वेळ घालवला नाही, ते सगळेच तेच देतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कसा आहे आणि स्पीकर कुठला, एवढंच विचारत गेलो.

नेरुळला मित्राकडे एसी३०चा क्लोन आहे. गेल्या शनिवारी दुपारभर तोच वाजवला. आउटपुटला चार ईएल८४ ट्यूब, निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं) नाही. मोकळ्या तारांची कॉर्ड छेडली की वरचे स्वर आपोआप उमलतात, तंबोऱ्याची जवारी नीट लागल्यावर होतं ना, तसंच. गिटारचा व्हॉल्यूम खाली आणला की स्वच्छ, वर नेला की खरखरीत, पायाखाली एकही पेडल नाही. परतताना पाम बीच रोडभर तोच आवाज कानात होता. पण ३० किलोच्या वरचं ते धूड आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार?

१८ वॅट म्हणजे घरात चालेल, असंही मी धरून चाललो होतो. हिशोब मांडला तर ४५ आणि १८ वॅटमध्ये फरक जेमतेम ४ डेसिबलचा. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाला दोन्ही सारखेच. संध्याकाळी चार ते सहा वाजवायचं, एरवी अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये आवाज कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर लावायचा, हे कुठलाही घेतला तरी आलंच.

मग १८ वॅटच का? १९६५ सालचं ते सर्किट फार साधं आहे. आउटपुटला दोन ईएल८४, कॅथोड बायस, दर चॅनेलला एक व्हॉल्यूम आणि एक टोन. म्हणजे ट्यूबमधून शांत असताना किती करंट वाहायचा ते (बायस) आपोआप ठरतं, ट्यूब बदलली तरी लावत बसायला नको. एसीचा डीसी करणारा रेक्टिफायरसुद्धा ट्यूबच, ईझेड८१. त्यामुळे जोरात कॉर्ड मारली की व्होल्टेज जरा बसतं, आवाज दबतो आणि मग हळूच फुलून वर येतो. मला हेच हवं होतं.

आणि दुसरं कारण बाबा. दुपारी सर्किटचं प्रिंटआउट टेबलावर पडलं होतं. बाबांनी चष्मा लावून ते जवळ ओढलं.

"ईएल८४? अरे, ही तर रेडिओत आउटपुटला असायची. बंगलोरची, भारत इलेक्ट्रॉनिक्सची."

नोकरी सांभाळून बाबा वीस वर्षं रेडिओ दुरुस्त करायचे. आता हात थरथरतो, सोल्डरिंग जमत नाही. पण बोट एकेका रेषेवरून न अडखळता फिरत होतं. "इथे ३०० व्होल्टच्या वर असणार. प्लग काढलास तरी कपॅसिटर भरलेला राहतो. रेझिस्टर लावून डिस्चार्ज करायचा, मीटरने बघायचं, मगच हात घालायचा." आणि मग, "सिरीज बल्बशिवाय पहिल्यांदा चालू करायचं नाही. मला विचारल्याशिवाय तर नाहीच."

त्या क्षणी तयार अ‍ॅम्पचा विचार मनातून गेला. किट मागवायचा. सोल्डर मी मारणार, प्रत्येक जोड बाबा तपासणार. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, त्यांना अजूनही नुसत्या नजरेने कळतं.

सिरीज बल्बची युक्ती मी लहानपणापासून बघत आलोय. मेन्स आणि यंत्र यांच्यामध्ये बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो, सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. एलईडी चालत नाही. फिलामेंट तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स वाढतो, आणि सगळं काम तोच करतो.

बाबांनी संध्याकाळीच माळ्यावरून जुना होल्डर काढायला लावला, स्वतः पुसला, वायर बदलायला सांगितली. बल्ब मात्र घरात नाही. ६० वॅटचा, फिलामेंटचाच हवा. उद्या ऑफिसातून येताना जांभळी नाक्यावर विचारतो.